अमालियाच्या मापाची कयाक

कयाक, म्हणजे कातड्याने मढवलेली एका माणसाची चिंचोळी होडी, बांधायची ती बसणाऱ्याच्या अंगाच्या मापाने. लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट, रुंदी कमरेला दोन्हीकडे एकेक मूठ जोडून. अमालियाने स्वतःचं माप घेऊन सांगाडा उभा केला, तेव्हा ग्रीनलंडमधल्या कांगामिऊत गावाचा किनारा हसला. बायकांनी कातडी शिवायची, बसायचं पुरुषांनी. पण तिचा भाऊ येरेमियास सीलच्या शिकारीला गेला होता आणि कयाक रिकामीच परतली होती. घरात आई आणि ती. लोकांनी दिलेल्या मांसावर किती दिवस काढायचे?

एका सकाळी सांगाडा कमरेला सैल वाटला. दमट हवेने लाकूड फुगून पसरलं असेल, म्हणून तिने दोऱ्या सोडून बरगड्या तासल्या. दुसऱ्या सकाळी पाय टेकायची पट्टी वीतभर पुढे सरकलेली. तिची बोटं पोचेनात. लाकूड फुगतं, पण पट्टी अशी सरकत नाही, हे तिला कळत होतं.

आपोलूसकाकाने गावातल्या निम्म्या कयाका बांधल्या होत्या. त्याने मूठ लावून पाहिली, मग पट्टीपर्यंतचं अंतर मोजलं.

"हे येरेमियासचं माप आहे, पोरी. ही त्याला देऊन टाक. तू दुसरी बांध."

"आणि तीही त्याला हवी झाली तर? जिवंत होता तेव्हा पहिला घास त्याचाच असायचा, काका. ही माझी आहे."

तिने पुन्हा तासून दोऱ्या आवळल्या आणि सांगाड्यात जाऊन बसली. माझ्याभोवतीच कातडं ओढा, म्हणाली. आई आणि शेजारणी शिवू लागल्या. ओलं कातडं अंगाजवळ ताणलं गेलं. टोकाशी आईची सुई थांबली. आतून काहीतरी गुडघ्यासारखं वर आलं होतं.

"अमालिया, पाय हलवू नकोस."

"मी नाही हलवला."

आईने पुढचा टाका घातला.

कातडं वाळलं. अमालिया पाण्यात उतरली. कयाक तिला हातमोज्यासारखी बसली. दुपारी ती सील ओढत परतली. या वेळी किनाऱ्यावर कुणी हसलं नाही.

तिने सील सोडला, खडकावर पाय ठेवला.

रिकामी कयाक वर आली नाही. माणूस बसल्यावर बुडते, तेवढीच बुडून राहिली.

काका मागे सरकला. अमालिया जागची हलली नाही.

"उतर," ती म्हणाली.

पाणी स्थिर होतं.

कयाक एका बाजूला कलली, कुणी काठावर हात टेकावा तशी. मग हळूहळू वर आली.