ड्रायव्हरकाकांनी धरलेला श्वास

ही गोष्ट रचलेली नाही. रचली असती तर मी स्वतःला थोडं तरी बरं दाखवलं असतं.

बुधवार होता. दुपारचे पावणेदोन. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं लोकांना वाटतं, म्हणून वेळ आधीच सांगून टाकते.

हॉस्पिटलच्या तळघरात आम्हा सोनोग्राफी शिकणाऱ्यांची खोली होती. चार बेड, मध्ये पडदे, आणि वरच्या मजल्यावर नकोशी झालेली दोन जुनी मशिनं. स्क्रीन नीट दिसावी म्हणून दिवे कायम मंद. बाहेर ऊन आहे की पाऊस, आत कळायचं नाही.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. आठ वर्षं एक्स-रेच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहून घेतली होती. मग फी भरायला दादाच्या मागे लागून हा कोर्स धरला. पहिल्या परीक्षेत आपटले. आता शेवटची संधी होती.

शिकाऊ हाताला खरं पोट लागतं. त्यासाठी काही माणसं आपणहून येऊन झोपायची. त्यातले एक ड्रायव्हरकाका. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, ढेरपोटे, बोलके. दर बुधवारी न चुकता यायचे.

"पोरींनो, आज कुठली गल्ली बघायची? लिव्हर की किडनी?" शर्ट वर करत विचारायचे. "माझ्या पोटातले सगळे रस्ते तुमच्यापेक्षा मला पाठ झालेत."

आम्ही हसायचो. मग जेल लावून मशिनचा हातात धरायचा प्रोब पोटावर टेकवायचो आणि ठरलेली वाक्यं म्हणायचो. मोठा श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा.

काका श्वास घेताना नाकातून बारीक शीळ वाजायची.

आमच्या मॅडमचा एक कडक नियम होता. पेशंटला काही म्हणजे काही सांगायचं नाही. काही वेगळं वाटलं तर तिला सांगायचं, ती डॉक्टरांना सांगणार.

त्या बुधवारी सकाळीच मॅडमनं मला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी पित्ताशयात खडा दाखवला होता आणि तिथे खडा नव्हता. "तुला नसलेले आजार दिसतात," ती म्हणाली. "अजून एकदा असं झालं तर परीक्षेला बसवणार नाही."

दुपारी माझी जोडीदारीण जेवायला गेली. तिला सगळे बुटकी म्हणायचे. खोलीत मी आणि काका, दोघंच.

मी पोटातली मुख्य रक्तवाहिनी शोधत होते. चांगल्या माणसाची दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. अंगठ्याएवढी जाड म्हणा ना.

"काका, श्वास घ्या. धरून ठेवा."

आणि स्क्रीनवर ती दिसली.

फुगलेली... मोसंबीएवढी. प्रत्येक ठोक्याला हलत होती.

मी मोजलं. पाच पूर्णांक नऊ.

परत मोजलं. सहा पूर्णांक एक.

किती वेळ बघत बसले कोण जाणे.

"पोरी... सोडू का आता?"

काकांचा चेहरा लालबुंद झाला होता. मी सोडायला सांगायचंच विसरले होते. ते खोकत हसले. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "काय दिसलं गं?"

"काही नाही काका. मशीन जुनं आहे."

हे मी बोलले. याच शब्दांत.

प्रोब तिरका पडला की माप मोठं येतं, हे पुस्तकात असतं. मी मनाला तेच सांगितलं. परत झापून घ्यायची हिंमत नव्हती. पुढच्या बुधवारी नीट मोजू आणि मग मॅडमला सांगू, असं ठरवलं.

फोटो मी पुसून टाकले.

पुढच्या बुधवारी काका आले नाहीत.

गुरुवारी वॉचमन म्हणाला, "तुमचे ते ड्रायव्हर गेले की! रविवारी सकाळी. दाढी करता करता पडले. पोटात काहीतरी फुटलं म्हणे."



त्यानंतरचा बुधवार. बुटकी बेडवर झोपली होती, मी तिची किडनी बघत होते.

"मोठा श्वास घे," मी म्हणाले. "धर."

आणि पडद्याच्या पलीकडे... कोणीतरी श्वास घेतला.

खोल. सावकाश. बारीक शीळ वाजवत.

मग काहीच नाही.

बुटकीनं श्वास सोडला. पलीकडचा सुटला नाही. आम्ही दोघी कान देऊन बसलो. एक मिनिट... दोन मिनिटं...

"तिकडे कोण आहे?" बुटकी कुजबुजली.

मी पडदा सारला.

बेड रिकामा होता. पण त्यावर अंथरलेला कागद मध्यभागी खोल दबला होता. एखादा जड माणूस नुकताच उठून गेल्यासारखा. कागदावर जेलचा ओघळ होता. मी बोट लावलं.

कोमट होता.

बुटकी त्या दिवशी गेली ती परत आलीच नाही. कोर्सही सोडला. फोन केला तर तिची आई घ्यायची आणि "झोपलीये" म्हणून ठेवून द्यायची.

मला मात्र ते रोज ऐकू यायला लागलं. वार कुठलाही असो. कोणालाही "धरून ठेवा" म्हटलं की पलीकडून तो श्वास. आत घेतलेला. बाहेर कधीच न आलेला.

शेवटी मी काकांच्या घरी गेले. वाटलं, काकूंच्या पाया पडून सगळं सांगून टाकावं.

काकूंनी मला ओळखलं. "तू हॉस्पिटलातली ना? ये, बस. तुमचं फार कौतुक होतं त्यांना." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दोन वर्षं पाठ दुखतेय म्हणायचे. मी म्हणायची, अहो, डॉक्टरला दाखवा. तर म्हणायचे, दर आठवड्याला चार पोरी माझं पोट आतून बघतात. काही असतं तर सांगितलं नसतं का?"

मी चहा घेतला आणि न बोलता उठून आले.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुली गेल्यावर खोलीत एकटीच थांबले. पडद्यासमोर उभी राहिले.

"काका, श्वास सोडा," मी म्हणाले.

सुटला नाही.

"काका, तुमची रक्तवाहिनी फुगली होती. मला दिसली होती. मी घाबरले. माझं चुकलं."

पडदा हलला नाही. पण पलीकडे कागद चुरचुरला... कोणी कुशीवर वळल्यासारखा. मग अगदी हळू आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं...

"काय दिसलं गं?"

मी परत सांगितलं. रडत सांगितलं. मापासकट सांगितलं.

"काय दिसलं गं?"

किती वेळा सांगितलं, मोजलं नाही. माझं बोलणं तिकडे पोचतच नव्हतं. ज्या दिवशी पोचलं असतं, तो दिवस निघून गेला होता.

मी धावत मॅडमच्या केबिनमध्ये गेले. परीक्षा गेली खड्ड्यात म्हटलं आणि पुसलेल्या फोटोंचं सगळं सांगितलं. आवाजाचं मात्र काही बोलले नाही. वेड लागलं म्हणाली असती.

ती ओरडली नाही. उठून तिनं दार लावलं.

"किती होती?"

"सहा पूर्णांक एक."

ती टेबलाकडे बघत परत खुर्चीत बसली.

"मला पाच पूर्णांक चार मिळाली होती," ती म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी. तुम्हाला शिकवताना. डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली होती. ते रजेवर होते. चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली... आणि राहून गेलं."



मग तिनं वर बघितलं.

"तुला कधीपासून ऐकू येतंय?"

मॅडमनं मला परीक्षेला बसवलं आणि मी पास झाले. चांगल्या मार्कांनी. घरी आईनं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं, मी ते कपाटात आडवं ठेवलंय. नोकरीसाठी एकही अर्ज केला नाही. आता एका दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहून घेते. दादा आठवड्यातून एकदा विचारतो, "एवढं शिकलीस कशासाठी?" मी विषय बदलते.

मॅडम अजून तिथेच शिकवते. मागच्या महिन्यात न राहवून मी तिला फोन केला.

ती म्हणाली, "खोली वर हलवली. बेड नवे घेतले. पडदेही काढून टाकले."

"मग? थांबलं?"

पलीकडे तिनं उठून दार लावल्याचं ऐकू आलं.

"आता दोघांचा श्वास ऐकू येतो," ती म्हणाली. "काकांचा, आणि अजून एक. बाईचा वाटतो."

कोणाचा, ते तिला माहीत नव्हतं.

मी फोन ठेवला. त्या रात्रीपासून एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतेय. कोर्सच्या दोन वर्षांत मी दोनशे तेरा माणसं तपासली. त्यात बायका होत्या जवळपास दीडशे. कितीतरी फोटो अस्पष्ट आले म्हणून, माप विचित्र आलं म्हणून, उशीर झाला म्हणून मी पुसले.

त्या बायकांचे चेहरे मला आठवत नाहीत. आम्ही चेहऱ्याकडे बघायचोच नाही.