टेबलावरचा काटा

रघुनंदनच्या ओरडण्याला शिवाजीनगरची ती गल्ली सरावली होती. त्याच्या गॅरेजसमोर चहा विकणारा शेषगिरी तर म्हणायचा, रघुअण्णांचा आवाज ऐकू आला नाही की समजायचं, आज रविवार. पण त्या दिवशीचा राग नेहमीचा नव्हता. धाकट्या भावाने, रविकिरणने, लॉरीचं इंजिन दुसऱ्यांदा जाळून आणलं होतं.

भरलेली गाडी घाटात चढवताना गिअर उतरवावा, पाय हलका करावा, हे रवीला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. रघुनंदनने घसा कोरडा होईपर्यंत शिकवलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. हा आपला वरच्याच गिअरमध्ये गाडी रेटत राहायचा, इंजिनातून निघणारा धूर तापत जायचा आणि शेवटी पिस्टन वितळायचे. या खेपेला तो धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा जाडजूड नळ, म्हणजे मॅनिफोल्डही तडकला होता. रवीने दुसरा मॅनिफोल्ड भंगारबाजारातून, गुजरीतून, उचलून आणला आणि मोठं काम केल्यासारखा दारात उभा राहिला.

"कुठल्या गाडीचा?" रघुनंदनने विचारलं.

"घाटात पडलेल्या. गाडी गेली, पण हा बघ कसा चन्नागी, एकदम धड राहिलाय."

"कुठल्या घाटात? कुणाची गाडी?"

"ते कशाला विचारू, अण्णा? सोयरीक करायचीय का तिच्याशी?"

रघुनंदनने हातातला पाना टेबलावर आदळला. आई गेली तेव्हा हा पोरगा शाळेत होता. त्याला वाढवायचं काम रघुनंदनने केलं आणि ते त्याने ओरडूनच केलं. दुसरी रीत त्याला येत नव्हती. आताही तो तासभर ओरडला आणि मग त्याने निमूटपणे पिस्टन बदलून मॅनिफोल्ड बसवायला घेतला.

पडलेल्या गाडीचा भाग बसवला की आधी गाडीपुढे कोहळा फोडायचा, असं लॉरीवाले मानतात. रघुनंदनच्या बायकोने, सुप्रीताने, न सांगता डब्याबरोबर कोहळा पाठवून दिला. रघुनंदनने तो तसाच परत धाडला आणि फोनवर तिला झापलं. "हुळी कर त्याची. लोखंडाला दृष्ट लागत नाही." रात्री ताटात खरोखरच कोहळ्याची हुळी, आंबटसर आमटी, आली. त्याने मुद्दाम दोनदा मागून घेतली. सुप्रीताने मात्र ताक-भातावर भागवलं.

मीटरची कल्पना त्याला मॅनिफोल्ड घट्ट आवळून झाल्यावर सुचली, म्हणून तो स्वतःवरही चिडला. धुराचं तापमान दाखवणारं मीटर केबिनमध्ये बसवायचं, त्याची तार इंजिनापर्यंत न्यायची, मॅनिफोल्डला भोक पाडून त्यात प्रोब बसवायचा. प्रोब म्हणजे पेन्सिलीएवढी धातूची कांडी, ती धुरात राहते आणि मीटरचा काटा हलवते. काटा लाल पट्टीकडे गेला की पाय उचलायचा. आता रवीला थापा मारायला जागा राहणार नव्हती.

बसवलेल्या मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर एक धोका असतो. लोखंडाचा कीस आत पडतो आणि पुढे टर्बोची, धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याची, पाती खातो. म्हणून जाणते लोक शेवटचा दोराभर थर उरला की इंजिन चालू करतात. आतला धूर जोराने बाहेर येतो आणि कीस सोबत घेऊन येतो. रघुनंदनने हे काम कितीदा केलं होतं. चष्मा लावला, ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं, रवीला इंजिन चालू करायला सांगितलं आणि तोंड बाजूला करून जोर दिला.

ड्रिल आरपार गेलं. धुराचा फटकारा यायला हवा होता, तो आला नाही.

त्याने ड्रिल ओढून काढलं. इंजिन धडधडत होतं, मागे सायलेन्सरमधून धूर निघत होता, आणि भोकापाशी काहीच नव्हतं. त्याने खिशातलं फडकं जवळ नेलं. फडक्याचं टोक भोकाकडे वळलं आणि आत ओढलं जाऊ लागलं, हळूहळू, कुणी श्वास घेतल्यासारखं.

"बंद कर," तो म्हणाला. रवीला ऐकू गेलं नाही. "अरे बंद कर, बहिरा झालास का?"

कीस आत गेला होता, यात शंका नव्हती. शिव्या देत त्याने टर्बो सोडवला. पाती कोरी होती. लोहचुंबक तारेला बांधून मॅनिफोल्डच्या कानाकोपऱ्यात फिरवला. तो स्वच्छ बाहेर आला. एवढ्या जाड बिडाला भोक पाडलं आणि एक कणही सापडेना. गेला कुठे? ठरल्याप्रमाणे झालं नाही की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. भोकाला आटे पाडून त्याने प्रोब पिळून बसवला आणि विषय संपवला.

इंजिन चालू असताना मीटर झकास चाललं. बंद केल्यावर काटा तळाला आला. जेवून येऊन बघतो तर काटा वर चढत होता.

इंजिन बंद होतं. त्याने मॅनिफोल्डला हात लावला, बोटांना गार लागला. काटा मात्र सावकाश चढत राहिला, मध्ये एकदा अडखळला, थोडा उतरला, जणू कुणी वळणावर गिअर बदलला असावा. पुन्हा चढला, लाल पट्टीच्या खाली बराच वेळ स्थिर राहिला. मग थरथरला आणि तळाला कोसळला. संध्याकाळी पुन्हा तेच झालं, त्याच जागी अडखळणं, त्याच जागी थरथरणं.

"बोगस माल," रघुनंदन म्हणाला. त्याने मीटर आणि प्रोब दोन्ही बदलले. नवीन जोडी शहाण्यासारखी वागली. रवी लॉरी घेऊन मंगळूरला गेला. जाताना "सरी अण्णा, काटा बघूनच चालवीन" असं दहादा म्हणाला, तरी रघुनंदनने त्याला गल्लीच्या टोकापर्यंत ओरडतच पोचवलं.

रवीच्या परतीच्या दिवशी, भर दुपारी, रघुनंदनने जुनं मीटर टेबलावर घेतलं. दुकानदाराच्या तोंडावर मारण्याआधी दोष पक्का करावा, म्हणून त्याने ते एका जुन्या बॅटरीला जोडलं. प्रोब जोडला नव्हता, त्याची तार मोकळीच लोंबत होती. दिवा लागला आणि काटा तळाला गप्प पडून राहिला. दोष सापडला नाही, याचाही त्याला राग आला.

तेवढ्यात रवीचा फोन आला. "अण्णा, खत भरलंय. घाटाखाली गुंड्यात जेवलो, आता शिराडी घाट चढायला लागलोय. तुझं मीटर भारी आहे."

टेबलावरचा काटा उचलला.

"किती दाखवतंय?" रघुनंदनने विचारलं.

"तीनशे."

टेबलावर तीनशे होते.

"आता?"

"साडेतीनशेच्या आसपास. गिअर उतरवलाय मी, शपथ. विश्वास नाही ना तुझा?"

टेबलावरचा काटा साडेतीनशेला लागला होता. मोकळी तार रघुनंदनच्या मनगटाला घासली, ती गार होती. पुढची वाट त्याला पाठ होती. आता अडखळणार, मग चढणार, मग स्थिर राहणार. मग थरथरणार.

"थांबव गाडी," तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता थांबव, गाढवा."

"अरे, काटा लाल पट्टीच्या किती खाली आहे. नीट चालवली तरी शिव्याच?" रवीचा आवाज दुखावलेला होता. त्याने फोन ठेवून दिला.

रघुनंदनने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. कट झाली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या ओरडण्याचा संताप आला. इतकी वर्षं ओरडून त्याने त्या पोराचे कान बंद करून ठेवले होते, आणि आज सांगण्यासारखं काही होतं तर ते आत जायला वाट नव्हती. त्याने तिसऱ्यांदा फोन लावला.

"काय?" रवी म्हणाला.

"रवी." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "बाळा, गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर आणि खाली उतर. मी चिडलेलो नाही."

पलीकडे इंजिनाचा आवाज मंदावला.

"अण्णा, घरी काय झालं? वहिनी बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. तू फक्त उतर."

ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज आला. इंजिन थांबलं. दार उघडलं आणि आपटलं.

"उतरलो," रवी म्हणाला. "तू असा बोललास म्हणून."

टेबलावरचा काटा थांबला नव्हता.

तो वळणावर अडखळला. थोडा उतरला. पुन्हा चढला.

"गाडीपासून लांब आहेस ना?"

"समोर दगडावर बसलोय. ऊन आहे मरणाचं."

काटा लाल पट्टीखाली स्थिर झाला. रघुनंदनने बॅटरीची तार उपटली. दिवा विझला. काटा तिथेच राहिला.

मग थरथरला.

मग कोसळला.

समोर शेषगिरी ग्लास विसळत होता. नेहमीसारखी हाक आली नाही म्हणून त्याने मान वर करून पाहिलं. रघुनंदन फोन कानाला लावून उभा होता.

"रवी?"

"इथेच आहे मी. गाडी पण इथेच आहे. झालं तरी काय?"

"केबिनमधलं इंजिनावरचं झाकण उचलून बघ. आत बसू नकोस. दारातूनच बघ."

दार उघडल्याचा आवाज आला. झाकणाचा पत्रा वाजला.

"अण्णा, मॅनिफोल्ड ओला आहे. पहाटे दव पडतं ना, तसा. आत्ता तर घाट चढत होती गाडी."

"झाकण ठेव. खाली ये."

"थांब, माझ्या सीटवर काहीतरी सांडलंय. लोखंडाचा कीस आहे. मी उतरलो तेव्हा नव्हता."

"हात लावू नकोस," रघुनंदन म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

"गरम आहे," रवी म्हणाला.