गिरिजाबाईंची तक्रार

जालन्याच्या दवाखान्यात बाळ सकाळीच दगावलं. दाखल झाल्यावर रक्तात जंतू सापडला आणि त्यावर एकही औषध लागू पडलं नाही. आजी गिरिजाबाईंनी तक्रार दिली, की नर्स दीपमालाच्या घाणेरड्या हातांनी नातू मारला. दीपमालाला लगेच घरी बसवलं. चौकशी जंतुतज्ज्ञ डॉ. मोनालीच्या गळ्यात पडली.

तिने खाटा, नळ, दीपमालाचे हात सगळं तपासलं. काही सापडलं नाही. मग ती तीर्थपुरीजवळ बाळाच्या घरी गेली.

दारात शेळी बांधलेली होती. ओसरीवर सहाण होती, तिच्यावर पांढरट थर वाळलेला. गिरिजाबाई बोलत होत्या, रडत नव्हत्या.

“बाळाला वरचं काय द्यायचात?”

“घुटी. मीच उगाळायची.”

“शेळीला काय झालंय?”

“हगवण. बरी व्हती अन् पुन्हा लागती. गोळी देऊन राह्यले.”

“गोळी खाते?”

“न्हाई. मंग उगाळून बोटानं चाटवते.”

मोनालीने सहाण पुसून नमुना घेतला, शेळीच्या विष्ठेचाही घेतला.

शेळीत बाळाच्या रक्तातल्यापेक्षा भलताच जंतू निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले, म्हणजे दीपमालाच दोषी. मोनालीला राग आला. तिने दोन्ही जंतूंचे आणि सहाणेवरच्या नमुन्याचे जनुक तपासले.

ती पुन्हा त्या ओसरीवर येऊन बसली.

“जंतू वेगळे आहेत,” ती म्हणाली, “पण औषधाला दाद देऊ न देणारा जनुकांचा छोटासा तुकडा दोघांत एकच आहे. सहाणेवरही तोच. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि त्या तुकड्याची नक्कल देऊन टाकतो. शेळीच्या तोंडातलं बोट परत सहाणेवर यायचं, तिथेच घुटी उगाळली जायची. शेळीचा जंतू बाळाच्या पोटात गेला आणि तिथल्या जंतूला तुकडा देऊन बसला. सहाणेवरच्या त्या जंतुनाशक गोळीचा अंशही रोज जायचा. साधे जंतू मेले, हे उरले, रक्तात उतरले. दीपमाला भेटायच्या आधीच.”

“मंग मारलं कोणी?” बाळाच्या बापाने, मिथुनने विचारलं.

“त्या तुकड्याने.”

उत्तर खरं होतं. त्या घरात त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

गिरिजाबाईंनी सहाण पालथी घातली.

“तक्रारीत सिस्टरचं नाव मीच टाकल्तं,” त्या म्हणाल्या. “ते काढा. माझं टाका.”

त्यांनी अंगठा पुढे केला. मोनालीने तक्रारीच्या कागदावरचं दीपमालाचं नाव खोडलं आणि ती जागा तशीच रिकामी ठेवली.