तोकुएइ-मारूचा ठिपका

हसा लेको, स्क्विड भाजून होईपर्यंत हसून घ्या. पण कुरामोचि माझ्याच शेजारच्या टेबलाला बसायचा. ऐकीव नाही सांगत.

सहा वर्षांपूर्वीचा चौदा नोव्हेंबर. आपल्या मच्छीमार संस्थेत बिनतारी यंत्र तो सांभाळायचा. त्या संध्याकाळी सातला तोकुएइ-मारू बोटीला वादळाचा इशारा द्यायला आला. बोटीवर आठ माणसं, त्यातला एक त्याचा धाकटा भाऊ तात्सुओ. आईबापामागे यानेच वाढवलेला. पडद्यावर बोटीचा ठिपका दिसत होता. आठला तो विझला.

आपण अशाने घाबरतो का? मासा लागला की बाकीच्या बोटींना जागा कळू नये म्हणून कप्तान ठिपका दाखवणारं यंत्र बंद करतोच. ओनोदेरा कप्तान तर त्यात पटाईत. मीच म्हणालो, उद्या धक्क्यावर माशांनी पाय ठेवायला जागा राहत नाही बघ. तटरक्षकांना तेव्हा आम्ही कळवलं नाही. त्याबद्दल मन मला अजून खातं.

रात्री दोनला दहा कमी असताना तात्सुओ बिनतारीवर बोलला. त्यांना बुडून मेलेला माणूस सापडला होता. रीतीप्रमाणे डावीकडून वर घेतला, त्यालाच मासे देशील का विचारलं; प्रेत घरी नेलं तर मासे देतं, असं आपण मानतोच. त्याच्या वतीने तात्सुओच म्हणाला, देईन, पण मला घरी न्या. मासे नुसते उसळत आले. मग कप्तानाला हाव सुटली. बर्फाच्या खणात जागा हवी म्हणून त्याने प्रेत परत पाण्यात ढकललं.

"तू अडवलं नाहीस?"

"अडवलं, दादा... मासे ओढायचा आकडा मारला त्याने. पोटात."

मागे किंचाळ्या. लोखंडावर लोखंड. कुणीतरी रडत माफी मागत होतं. मग धप्प. मग काहीच नाही.

"तात्सुओ?"

...

ठिपका पेटला. बंदराकडे निघाला, सरळ. आता तटरक्षकांना फोन केला, पण त्या वादळात त्यांची बोट निघेना. पुन्हा आवाज आला. भावाचाच. शांत.

"दादा, घरी घेशील ना मला?"

"घेईन रे. ये."

पहाटे साडेपाचला बोट धक्क्यावर आदळली. डेकवर सात जण. आकड्यांनी एकमेकांना फाडलेले. ओनोदेराला जबडाच नव्हता. तात्सुओ कुठेच नव्हता. कुरामोचि त्याला हाका मारत केबिनमध्ये शिरला. मी मागे.

बिनतारीसमोर कुणीतरी बसलं होतं. महिनाभर पाण्यात राहिलेलं. तोंड माशांनी खाल्लेलं. अंगात तात्सुओचा रेनकोट, पोटावर फाटलेला. मुठीत माइक.

कुरामोचि त्याच्याजवळ गेला. मग म्हणाला, "मी शब्द दिलाय. याला घरी न्यायचा."

मूठ उघडेना. माइकची तार कापावी म्हणून मी सुरी काढली...

तार कापलेलीच होती, रात्रीच्या मारामारीतच कधीतरी. टोकावरचं रक्त केव्हाच वाळलं होतं.