फौजदार भुंकेनासा झाला

"मी सांगते तुम्हाला, त्याला पुन्हा भुंकू द्या."

"आणि घरमालकाला काय सांगू? बायकोला शांतता सोसत नाही म्हणून?" खिडकीपाशी एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसलेल्या तिच्या नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलंही नाही. सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची.

"काहीही सांगा. एरवी चालतेच की जीभ."

सकाळपासून हेच दळण चालू होतं. भांडणाचं मूळ दोघांच्या मध्ये फरशीवर पसरलं होतं, त्यांचा कुत्रा, फौजदार. घरात गरीब गाय. पण फिरायला नेलं आणि दुसरा कुत्रा नुसता दिसायचा अवकाश, याच्या अंगात वारं शिरायचं. अशाच एका ओढाताणीत ती रस्त्यावर आपटली, मनगट दुखावलं, शिवणयंत्र महिनाभर झाकून ठेवावं लागलं. वर शेजाऱ्यांच्या तक्रारी. घरमालकाने तोंडावर सांगितलं, आणखी एकदा भुंकला की कुत्रा तरी जाईल नाहीतर तुम्ही.

मग घड्याळजींनी कुत्री शिकवणाऱ्या एका माणसाकडून युक्ती आणली. लांबवर कुत्रा दिसला की फौजदाराने भुंकायच्या आत वळून आपल्या माणसाकडे बघायचं. बघितलं की बिस्किटाचा तुकडा. घड्याळजी चिवट माणूस. महिन्याभरात कुत्रा सरळ झाला. आधी तिकडे नजर, मग इकडे, मग तुकडा. आवाज म्हणून नाही. गल्लीने कौतुक केलं. तीही खूश होती, खोटं कशाला बोला. मनगट बरं झालं तशी पुन्हा तीच त्याला फिरवू लागली.

आणि एका सकाळी उंच भिंतींमधल्या रस्त्यावर फौजदाराने समोर पाहिलं, मग वळून तिच्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. तिने सवयीने तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या कोपऱ्यावर तेच. मग फाटकात. मग जिन्यात. आधी तिसऱ्या पायरीकडे नजर, मग तिच्याकडे. तिथे ओल्या केसांचा वास येत होता. फौजदाराचं अंग तर कोरडं ठणठणीत होतं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं मेला उगाच नव्हता भुंकत. तो कोणाला तरी लांब ठेवत होता, आणि आपणच गोड घालून त्याचं तोंड बंद केलं.

काल ते उंबऱ्यात होतं. आज सकाळी शिवणयंत्राखाली. "भुंक रे बाबा," तिने हात जोडले. साठी उलटलेल्या बाईने स्वतः भुंकूनही दाखवलं. फौजदाराने शेपूट हलवली आणि तुकड्यासाठी तोंड पुढे केलं.

"अगं, चटावलाय तो," घड्याळजी म्हणाले. "फुकटचं मिळतंय तर खोटंच बघतो. आपल्या धाकट्या जावयासारखा."

"जावई थरथरत नाही."

खरंच, फौजदाराच्या पोटाची कातडी मघापासून बारीक हलत होती.

"बरं, मी उठतो आणि त्या यंत्राखाली हात घालून दाखवतो. मिटेल एकदाचा तमाशा." घड्याळजींनी भिंग काढलं, चिमटा खाली ठेवला. पण उठले नाहीत. "पाय किती जड झालेत... बसून बसून."

फौजदाराने मान वर केली. यंत्राकडे बघितलंच नाही त्याने. खिडकीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. आणि शिकवल्याप्रमाणे, सावकाश, शहाण्यासारखा तिच्याकडे वळला. खोलीत ओल्या केसांचा वास पसरला.

"आता का गप्प? मघापासून तोंडाचा पट्टा चालू होता."

तिने तुकडा दिला नाही. फौजदाराने नजर पुन्हा खुर्चीकडे नेली.

"बोल की. कुठे आहे तुझं ते भूत?"

"अहो... हलू नका. तो तुमच्या मांडीकडे बघतोय."