ओळख-लस

वसुबारस जवळ आली की तळेसांगवीच्या बायकांची पंचाईत व्हायची. गावात गाई रग्गड, पण वासरासकट उभी असलेली गाय शोधून सापडायची नाही. वासरू जन्मलं की त्याच दिवशी ते गावाबाहेरच्या वासरघरात जाई आणि तिथं नळीला तोंड लावून वाढे. इकडे गाय यंत्राखाली उभी राही. दूध वाढलं, वासरांची मरतूक थांबली, सगळं झकास झालं. फक्त वर्षातून एकदा, पूजेचं ताट हातात घेतल्यावर, ओवाळायचं कुणाला हा प्रश्न पडे.

जयमाला कडलगच्या गोठ्यात मात्र कपिला आणि तिची कालवड दुर्वा एकाच दावणीला होत्या. यात काही मोठं तत्त्व नव्हतं. कपिला गावठी वळणाची, वासराशिवाय पान्हा सोडायची नाही, एवढंच. पण त्या वर्षी या मायलेकींचा भाव भलताच वधारला. बायका आठवडाभर आधीच सांगून ठेवू लागल्या, "ताई, आमच्याकडं पहिल्यांदा आणायची हं."

जयमालाही खुशीत होती. तिनं कपिलाच्या शिंगांना आणि दोघींच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि त्यांना गोठ्यागोठ्यांतून मिरवलं. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी खाऊन दुर्वा चांगलीच लाडावली. दिसेल त्या गव्हाणीत तिनं तोंड घातलं, गाभण गाईंची नाकं चाटली. कुणी अडवलं नाही. अडवायचं कशाला? तिच्या कानातला बिल्ला हिरवागार होता.

कानातला बिल्ला आता नुसता नंबराचा राहिला नव्हता. कातडीतून रक्ताचा अंश घेऊन तो रोज तपासणी करी. जनावराचं शरीर एखाद्या विषाणूशी झुंजत असेल तर तांबडा दिवा, नाहीतर हिरवा. बऱ्याच देशांनी मिळून हा बिल्ला ठरवला होता, आणि हिरव्या गावाचं दूध कुठल्याही देशात जाऊ शके. तळेसांगवी हिरवी होती आणि गावाला त्याचा तोराही होता.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले तोच शेजारच्या उज्ज्वला नेहेच्या गाईनं गाभ टाकला. मग पलीकडच्या गोठ्यात तसंच झालं. मग जिथं जिथं मायलेकींना ओवाळलं होतं, तिथं तिथं. त्या गोठ्यांतले बिल्ले एकेक करून तांबडे झाले. दुर्वाचा मात्र हिरवाच राहिला.

तालुक्याचे पशुवैद्य डॉ. प्रज्वल भांगरे आले आणि दुर्वाच्या कानाचा नखाएवढा तुकडा तपासायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते चहाला नको म्हणाले, तेव्हाच जयमालानं हातातला कप खाली ठेवला.

"काकू, दुर्वाच आहे."

"अहो, तिचा बिल्ला तर हिरवा आहे! एक दिवस कधी शिंकली नाही ती."

"तेच तर. बिल्ला झुंज शोधतो, आणि ही झुंजतच नाही." डॉक्टर गव्हाणीच्या कठड्यावर टेकले. "कपिलाला ती गाभण असतानाच तुम्ही बाजारातून आणलं ना? तेव्हाच, बिल्ला लागायच्या आधी, तिला हा विषाणू होऊन गेला असणार. ती बरी झाली. पण पोटातलं वासरू त्या वेळी एवढंसं. आपलं कोण, परकं कोण, हे शरीर त्याच वयात शिकतं. दुर्वाच्या शरीरानं विषाणूलाही घरचाच मानला. आता ती जन्मभर त्याला पोसणार आणि जाईल तिथं वाटत राहणार. अशा जनावराला आम्ही आजन्म वाहक म्हणतो."

जयमालाला केतकी आठवली. नाशिकला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीच्या यकृतात जन्मापासून एक विषाणू होता. तो आईकडूनच आलेला, आणि मुलीचं शरीर त्याच्याशी लढतच नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी अगदी हेच शब्द वापरून सांगितलं होतं.

"म्हणजे रोग मीच दारोदार फिरवला," ती म्हणाली. "हळदकुंकू लावून."

डॉक्टरांनी दुर्वाच्या कानातला हिरवा बिल्ला उलटून पाहिला.

"बाकीच्या देशांत काय करतात याचं?"

"नॉर्वे, डेन्मार्क, तिकडं असं वासरू सापडलं की कळपातून काढतात. म्हणजे मारतात. त्यांचा रोग त्यानंच गेला."

"इथं मी मारू देणार नाही."

"इथं कायदाही देणार नाही. मग मरेपर्यंत एकटीला कोंडून ठेवायचं." डॉक्टर कठड्यावरून उठले. "नाहीतर ओळख-लस आहे. नवी आहे. शरीराची जुनी ओळख पुसायची आणि आपलं-परकं पहिल्यापासून शिकवायचं. मग शरीर स्वतःच विषाणूला हाकलतं. चार देशांत हजारो वासरांना दिलीय, एकही दगावलं नाही."

"मग द्या की," जयमाला म्हणाली. तिच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं.

लस द्यायला दुर्वाला विलगीकरणात नेलं. कपिला काही दिवस हंबरली, चारा तोंडात धरून दाराकडं बघत राहिली. शेवटी एका सकाळी गाडी आली. दुर्वा निरोगी होती, जरा भरलीही होती. आईला बघताच ती उड्या मारत धावली आणि कासेला भिडली.

कपिलानं तिला हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि लाथ मारली.

जयमालानं दुर्वाच्या पाठीवर मीठ चोळलं, गूळ लावला, कपिलाचंच कसंबसं पिळलेलं दूध तिच्या अंगाला पुसलं. कपिला मीठ चाटून घेई आणि मग शिंग उगारी. दाराकडं बघून मात्र ती अजून हंबरत होती, गेलेल्या वासरासाठी. दुर्वानं काही दिवस प्रयत्न केला. नंतर ती कोपऱ्यात बसू लागली.

जयमालानं फोन करून बोलावलं तसे डॉक्टर आले आणि बराच वेळ दोघींकडं बघत राहिले. "शरीर ज्या खुणांनी आपलं-परकं ओळखतं, त्या थोड्याफार अंगाच्या वासातही उतरतात. लशीनं खुणा बदलल्या. वासही बदलला असणार."

"आणि चार देशांत कुणालाच कळलं नाही?"

"तिकडच्या गोठ्यांत वासरं पहिल्याच दिवशी वेगळी करतात, काकू. आईजवळ वासरूच नाही, तर बघणार कोण?"

जयमालाला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. त्यानंतर ती कपिलापुढं आंबोण ठेवून जेमतेम धार काढी, शेण उचली, दुर्वाला बादलीतून दूध पाजी. हात आपोआप चालत. उज्ज्वला रस्त्यात दिसली की मान फिरवी, त्याचंही जयमालाला काही वाटेना. आत सगळं बधिर होऊन गेलं होतं.

गाव पुन्हा हिरवं झालं त्या आठवड्यात केतकी घरी आली. नेहमीप्रमाणे तेलाची वाटी घेऊन ती गोठ्याच्या ओट्यावर आईच्या पुढ्यात बसली.

"आई, ओळख-लस माणसांसाठी सुरू होतेय. माझं नाव लागलंय. यकृत आता फार दिवस टिकणार नाही म्हणतात."

"घे मग," जयमाला म्हणाली. 'मग द्या की' म्हणताना लागला होता तोच आवाज आत्ता लागला, हे तिच्या ध्यानात आलं.

केतकी कोपऱ्यातल्या दुर्वाकडं बघत होती. सगळं तिला फोनवर कळलेलं होतं. "आणि नंतर मी तुला परकी वाटले तर?"

"येडी का काय? मी काय वासावर ओळखते तुला?"

केतकी हसली. जयमालानं तिच्या टाळूवर तेल घातलं, बोटं केसांत फिरवली आणि जुन्या सवयीनं डोक्याला नाक लावलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. तो वास कसला, हे तिला जन्मात कधी सांगता आलं नसतं. तो नाहीसा झाला तर काय जाईल, हेही सांगता आलं नसतं.

समोर कपिला शांतपणे रवंथ करत होती. आपण आपल्या लेकराला कशावरून ओळखतो, हे तिला तरी आधी कुठं माहीत होतं?