म्हस्कूआबांना हाक मारायची राहिली

स्वराली माझी सख्खी मावसबहीण आहे. पुढचं सगळं तिनं माझा हात घट्ट धरून मला सांगितलंय. त्यामुळे 'मस्त रंगवलीये' असली कमेंट कोणी करू नका, प्लीज.

मागच्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. बारामतीला लागून जळोची. तिथलं स्वरालीचं घर.

त्यांच्या देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी एक मोठं चांदीचं नाणं होतं. घोडेस्वाराचं. भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं.

ते नाणं म्हणजे म्हस्कूआबा.

स्वरालीचे पणजोबा. मेंढरं सोडून पलटणीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात तिकडंच वारले. देह आलाच नाही. सोबतच्या शिपायानं त्यांच्या सामानातलं हे नाणं तेवढं आणून दिलं. आक्काबाईनं, म्हणजे पणजीनं, तोच नवऱ्याचा टाक मानला आणि देवात बसवला.

तात्या, स्वरालीचे आजोबा, तेव्हा आईच्या पोटात होते. त्यांनी बाप बघितलाच नाही. रोज अंघोळ झाली की नाण्यापुढं हात जोडायचे, "रामराम, आबा." मगच चहा.

वर्षातून एकदा आबांना नरसिंहपूरला संगमावर अंघोळीला न्यायचे. निघताना नाव घेऊन हाक मारायची, "म्हस्कूआबा, चला घरला." नाहीतर माणूस तिथंच राहतो, असं तात्या म्हणायचे.

स्वरालीला हे सगळं पाठ होतं.

पण तिनं एक रील बघितलं. 'जुनं परदेशी नाणं, लाखोंची किंमत!' झालं. डोळ्यांपुढं स्कूटीच नाचायला लागली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तिनं नाणं गुपचूप उचललं. अक्षरं दिसावीत म्हणून टूथपेस्टनं खसाखसा घासलं. आणि तात्यांना ठोकून दिलं, "उद्या-परवा घट बसतील. आबांना सोनाराकडं उजळायला नेते."

"आबाला घासू नगं गं पोरी. अन् येताना हाक मार."

"मारते की, तात्या!"

मुठीतलं नाणं आधीच चकाचक होतं.

इंदापुरात महिपतरावांचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. त्यांनी भिंग लावलं.

"इंग्लंडच्या राजाला गादीवर बसून पंचवीस वर्सं झाली, तवा काढलेलं हाय हे. सन एकोणीसशे पस्तीस. ह्यो स्वार त्यांचा संत. राक्षस मारतोय." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "पर घासलंस कशाला? नाण्याचं कातडंच सोललंस की! तसं बी लई दुर्मिळ न्हाय. आता नुसतं चांदीचं मोल. अन् चांदी बी निम्मीच."

"मग स्कूटी?"

"स्कूटीचा आरसा यील."

'गिऱ्हाईक आलं तर कळवा' म्हणत स्वरालीनं फणकाऱ्यानं आपला नंबर दिला, नाणं पर्समध्ये कोंबलं आणि पळत जाऊन एसटी पकडली.

हाक मारायची राहिली.

संध्याकाळी महिपतरावांचा फोन आला.

"अगं, तुझ्या म्हाताऱ्याला हितंच सोडून गेलीस व्हय? पायरीवर बसल्यात. उठा म्हणलं तर म्हणत्यात... पोरीनं हाक न्हाय मारली."

स्वराली गार पडली.

ती तर एकटीच गेली होती...

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, तात्यांनी चहा घेतला नाही. "आबा येऊ दे," एवढंच म्हणाले. स्वरालीला त्यांच्याकडं बघवेना. नाणं अजून पर्समध्येच होतं. पर्स उचलून ती इंदापूरला सुटली.

दुकानाला कुलूप.

पायरी रिकामी.

भर दुपार. समोर एसटी स्टँड. तरी एक हॉर्न नाही, माणसाचा आवाज नाही...

आणि पायरीवरून कोणीतरी उठल्यासारखा, धोतर झटकल्यासारखा आवाज...

"चला... चला घरी!" ती कशीबशी ओरडली आणि पळाली.

एसटी खच्चून भरलेली. लोक दाराला लोंबकळत होते. तरी स्वरालीच्या शेजारच्या सीटवर कोणीच बसलं नाही. पाटी घेतलेली एक बाई पुढं आली, सीटकडं बघितलं... आणि मागं सरकली.

घरी दिवेलागण झाली होती. स्वरालीनं नाणं जागेवर ठेवलं. तात्यांनी लगबगीनं हात जोडले.

"रामराम, आ..."

थांबले.

जोडलेले हात हळूहळू सुटले.

"स्वरे... कुणाला आणलंस?"

तेवढ्यात फोन वाजला. महिपतराव.

"आत्ता दुकान उघडलं. म्हातारं अजून हितंच हाय की गं! म्हणतंय, पोरगी आली व्हती... नाव न्हाय घेतलं. दुसराच उठून गेला तिच्यामागं."

स्वराली त्यानंतर किती वेळा इंदापूरला गेली! पायरीवर उभी राहून, लोक बघत असताना, पूर्ण नाव घेऊन रडत हाका मारल्या. पण पायरीवर आता कोणीच नसतं, असं महिपतराव सांगतात.

नाणं अजून देव्हाऱ्यात आहे. उचलायची कोणाचीच हिंमत नाही. त्यावर भंडारा वाहिला तर टिकत नाही... सकाळी सगळा खाली सांडलेला असतो.

या दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडं जाणार आहोत. देव्हारा ज्या खोलीत आहे, तिथं मी झोपणार नाही, हे आईला आत्ताच सांगून ठेवलंय.

तात्या आता देव्हाऱ्याकडं पाठ करून दारात बसतात, रस्त्याकडं बघत. स्वराली रोज चहाचा कप घेऊन त्यांच्याशेजारी उभी राहते.

"तात्या, घ्या ना."

"आबा येऊ दे."